सरहद्दीपलीकडचे शिबीर आणि चार वर्षांची शिपाईगिरी

वाशीहून बार्शी आज एसटीने दीड-दोन तासांची वाट आहे. १९४७ साली ती परक्या राज्यात होती. १५ ऑगस्टला बार्शीत तिरंगा फडकला, तेव्हा वाशी, भूम, कळंब, परंडा हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि तोच ध्वज तेथे उभारणे हा गुन्हा होता. दोन्हींमध्ये करोडगिरीची नाकी होती. त्या दिवसांत या भागातील अनेक तरुण घरदार सोडून, रात्रीच्या अंधारात ही सरहद्द ओलांडून गेले. पोट भरण्यासाठी ते गेले नव्हते. शस्त्र हाती धरण्यास शिकून परत यावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

हैदराबाद स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा पुकारल्यावर संस्थानाच्या सीमेला लागून शिबिरांची एक साखळीच उभी राहिली. बार्शी-सोलापूरचा परिसर, मनमाड, उमरखेड, चांदा अशी ठिकाणे तीत होती. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव चांद्याच्या शिबिरात काम करीत होते. शिबिरांत बंदुका थोड्या व उमेदवार फार, अशी स्थिती असे. नाक्यांवर छापे घालणे, शिंदीची झाडे तोडून निजामाचे उत्पन्न बुडविणे, तारा तोडणे, रझाकारांच्या तडाख्यात सापडलेल्या गावांना आधार देणे, हे त्यांचे कार्य होते. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्याच लातूरचा वकील होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आत शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. सरहद्द पुसली गेली. पुढे केंद्र सरकारने या शिबिरांना मान्यता देऊन त्यांतील सैनिकांना स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन दिले. राष्ट्रासाठी काही महिने शस्त्र धरणाऱ्याच्या म्हातारपणाची जबाबदारी राष्ट्रावर आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

आज त्याच वाशी तालुक्यातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पुन्हा घर सोडतो. बालाघाटच्या माथ्यावरची हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस, सोयाबीनचे पडते भाव, तेरखेड्याचे फटाक्यांचे जोखमीचे काम, खव्याच्या भट्ट्या आणि दसरा उलटला की ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे, असे या भागाचे अर्थकारण आहे. नीती आयोगाने २०१८ साली देशातील मागासलेले जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांची नावे त्यात आली, त्यांत या जिल्ह्याचे नाव होते. अशा मुलुखात बारावी झालेल्या मुलापुढे दोनच वाटा उरतात: पुण्याच्या कारखान्यातली कंत्राटी मजुरी किंवा भरती. भरतीसाठी तो मोठ्या गावातल्या खाजगी अकादमीत दाखल होतो. पहाटे चारला उठतो, १.६ किलोमीटरची धाव सेकंदासेकंदाने कमी करतो, पुलअप्स काढतो, नऊ फुटी खंदक ओलांडायला शिकतो. या अकादमीचे शुल्क, खोलीभाडे व खानावळ यांसाठी घरची म्हैस विकली जाते किंवा सावकाराचे दार ठोठावले जाते. सैनिकाच्या पूर्वतयारीचा खर्च अशा रीतीने देशाच्या अंदाजपत्रकातून निसटून कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावर येऊन बसला आहे.

हा खर्च कशासाठी केला जातो, ते पाहणे अगत्याचे आहे. १४ जून २०२२ रोजी केंद्राने अग्निपथ योजना जाहीर केली. तीनुसार साडेसतरा ते एकवीस वयाचा तरुण चार वर्षांसाठी सैन्यात घेतला जातो. पहिल्या वर्षी महिन्याला तीस हजार रुपये ठरतात. त्यांतून तीस टक्के सेवानिधीत कापले जाऊन एकवीस हजार हातात पडतात. शासन तेवढीच भर घालते आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम सेवेत घेतले जाईल; उरलेले पंचाहत्तर टक्के वयाच्या बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी घरी परततील. योजनेपूर्वीची दोन वर्षे कोविडचे कारण सांगून सैन्यभरतीच बंद राहिली होती. त्या काळात वय उलटून गेलेल्या मुलांसाठी पहिल्या वर्षापुरती मर्यादा तेवीस केली गेली. धावण्यात घालविलेल्या वर्षांचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही आणि कोणी दिलाही नाही.

योजनेच्या समर्थकांचे म्हणणे टाळून चालणार नाही. सैन्याचे सरासरी वय कमी व्हावे, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा पैशाचा. २०२२-२३ च्या ५.२५ लाख कोटींच्या संरक्षण अंदाजपत्रकात निवृत्तिवेतनापोटी सुमारे १.१९ लाख कोटी होते. इतका भार पेलून आधुनिक शस्त्रे कशी घ्यायची, असे विचारले जाते. प्रश्न खोटा नाही, परंतु त्याचे उत्तर चुकीच्या माणसाच्या खिशात शोधले गेले आहे. निवृत्तिवेतन ही कृपा नसून लांबणीवर टाकलेले वेतन आहे. शासनाने ते वाचविले म्हणजे खर्च नाहीसा झाला असे होत नाही; तो शासनाकडून कुटुंबाकडे सरकला, इतकेच. शिवाय तरुण सैन्य हवे असेल तर सेवेचा काळ आखडून जवानाला इतर सरकारी खात्यांत हक्काने सामावून घेता येते. निमलष्करी दलांत व काही राज्यांच्या सेवांत आरक्षण जाहीर झाले आहे. परंतु राखीव जागेची घोषणा आणि हातात पडलेले नेमणूकपत्र यांतले अंतर ग्रामीण तरुणाइतके दुसरे कोण जाणतो?

निवृत्तिवेतनाने काय घडते, याची साक्ष महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यात शिकले, सैन्याच्या शाळेत शिक्षक झाले आणि निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडले. त्या तुटपुंज्या पण खात्रीच्या आधाराचा घरातल्या मुलाच्या शिक्षणाला हातभार लागला आणि तो मुलगा भारतीय राज्यघटनेचा शिल्पकार झाला. साताऱ्याकडील अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून जवान गेले. त्यांच्या माघारी येणाऱ्या नियमित रकमेने पावसाच्या लहरीवर न अवलंबणारे एक उत्पन्न गावाला दिले. एकरकमी अकरा लाखांना हे सामर्थ्य नसते. दुष्काळी घरात ती रक्कम कर्ज, बहिणीचे लग्न आणि बोअर यांत वर्षभरात विरून जाते.

शेजारच्या नेपाळने या बाबतीत अधिक सावधपणा दाखविला. १९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार तेथील गुरखा तरुण भारतीय व ब्रिटिश सैन्यांत भरती होत आले. परदेशी सैन्यात जाण्याची तयारी हा तेथील डोंगराळ खेड्यांतल्या तारुण्याचा नेमच झाला आहे. अग्निपथ आल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये नेपाळने भारतीय सैन्यातील भरती थांबविली. चार वर्षांनी परतणाऱ्या प्रशिक्षित तरुणांचे काय करावयाचे, हा त्या देशाचा एक प्रश्न होता. भारतातील बेकारीचे दुसरे टोक रशियात दिसले. नोकरीच्या आमिषाने दलालांनी नेलेले भारतीय युक्रेनच्या आघाडीवर उभे केले गेले. रशियन सैन्यात सापडलेल्या अशा १२६ जणांपैकी बारा मृत्युमुखी पडल्याचे केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. भाकरीसाठी परक्याच्या युद्धात मरणारा हा तरुण आणि १९४८ चा शिबिरार्थी दोघेही सरहद्द ओलांडून गेले; परंतु एकाने कारण निवडले होते, दुसऱ्याला गरजेने ढकलले.

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामातील एक कटू पानही या संदर्भात वाचले पाहिजे. पोलीस कारवाईनंतर झालेल्या हिंसाचारात निरपराध मुसलमान मोठ्या संख्येने मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे नमूद केले, त्यांत उस्मानाबाद होता. तो अहवाल दशकानुदशके दडपून ठेवला गेला. शस्त्रे बाहेर काढणे सोपे, समाजाला शांततेकडे परत आणणे कठीण, हा त्याचा धडा आहे. अग्निवीर उद्या वाट चुकतील असा याचा अर्थ कोणी करू नये. तो त्या मुलांचा अपमान होईल. पण सैनिकाला नागरी जीवनात परत घेणे ही राज्याने निभवावयाची जबाबदारी आहे, ती एका धनादेशाने संपत नाही.

यासाठी कार्यकर्त्यांनी तीन मागण्या गावोगाव नेल्या पाहिजेत. पहिली, सैनिकाची सेवा कायम असावी व तिला निवृत्तिवेतन जोडलेले असावे. दुसरी, अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने १९७७ साली औरंगाबादेस सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली, त्याच धर्तीवर जवान होऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी वाशीसारख्या प्रत्येक दुष्काळी तालुक्यात विनाशुल्क निवासी केंद्र असावे. सोबत भरतीचे वार्षिक वेळापत्रक कायद्याने बांधलेले असावे. तिसरी आणि मूलभूत मागणी पाण्याची व कामाची. माथ्यावरच्या शेताला पाणी, खव्याला सहकारी बाजार, फटाक्यांच्या कामगाराला सुरक्षितता व विमा आणि रोजगार हमीला पुरेशी तरतूद मिळाली, तर गणवेश हा पर्याय राहील, नाइलाज राहणार नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबरला तालुक्याच्या गावी ध्वज उभारला जातो, मुक्तिसंग्रामाची भाषणे होतात. त्याच सकाळी रस्त्याच्या कडेने भरतीची मुले धावत असतात. सरहद्द ओलांडून गेलेल्या पिढीचा सन्मान करावयाचा असेल, तर त्या भाषणांत या धावणाऱ्या मुलांच्या पाचव्या वर्षाविषयीही बोलले गेले पाहिजे.