धडगावच्या मुलीने विचारलेला प्रश्न



कचेरीतून दोन दिवसांची रजा टाकून आम्ही धडगावला गेलो होतो. तरुणांचे शिबिर होते आणि आम्हाला विषय दिला होता, ‘गावातील तंटे व तरुणांचे नेतृत्व’. तासभर बोललो. टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “दादा, आमच्या पाड्यात एका काकीला डाकीण ठरवलंय. तिच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. तुम्ही प्याल का?”

पाण्याचा प्रश्न, आणि तो आम्हाला!

संध्याकाळी तिच्यासोबत डोंगर चढून गेलो. काकीच्या हातचे पाणी प्यालो, काळा चहा घेतला. पाड्यातली तीन पोरे बरोबर होती. दोघांनी पाणी घेतले, तिसरा दाराबाहेरच उभा राहिला. त्याच्या चुलत्याचे लेकरू तापाने गेले होते आणि भगताने काकीकडे बोट दाखवले होते. त्या पोरावर आम्हाला रागावता आले नाही. जिथे आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो, तिथे डॉक्टरच्या आधी भगत गाठला जातो. काकी विधवा, आणि नवऱ्याच्या जमिनीत तिचा वाटा, हेही कानावर आले. डाकीण ठरवण्यामागे पुष्कळदा असेच काही असते.

कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षे कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. अंगावर बेतले तर पोलिसांत गेलेच पाहिजे. पण फौजदार येऊन गेल्यावरही काकीला त्याच पाड्यात राहायचे आहे, त्याच वाटेने जायचे आहे. तिथे तंटा मिटवायला दोन्ही बाजूंच्या घरांतली पोरेच पुढे यावी लागतात.

अफवेने काय होते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. महाडला 20 मार्च 1927 रोजी आपली माणसे तळ्याचे पाणी पिऊन परतली आणि आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. मारहाण झाली. आपली माणसेही चिडली होती, संख्येने थोडी नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना हात उगारू दिला नाही. पुढे दहा वर्षे दावा चालला आणि 1937 साली मुंबई हायकोर्टात आपण जिंकलो. चिडलेल्या माणसांना थोपवणे हे काम पुढाऱ्याला शिकावे लागते.

धडगावच्या खालच्या अंगाला शहाद्यात हे शिक्षण 1972 च्या सुमारास झाले. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा तिथलाच भिल्ल पुढारी होता, शहरातून कुमार शिराळकरांसारखे तरुण आले, श्रमिक संघटना उभी राहिली. शिबिरे झाली, गावोगाव तरुण मंडळे निघाली, बायांनी दारूची मडकी फोडली. त्याच चळवळीतल्या वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे. ज्यांचे दुःख ते खाली बसलेले आणि बोलणारे वर, हे त्यांनी त्यात मांडले आहे. तासभर बोलून झाल्यावर ती आम्हाला आठवली. जरा उशिराच आठवली!

म्हणून दुसऱ्या दिवशी आमचे दुसरे व्याख्यान आम्हीच रद्द केले. पोरांनी नाटुकले केले. एक भगत झाला, एक काकी, एक पोलीस पाटील. आदल्या संध्याकाळी दाराबाहेर राहिलेला पोरगा काकी झाला. पाच मिनिटे सगळे त्याच्यावर ओरडत होते. तो एक शब्द बोलला नाही, नंतर बराच वेळ एकटा बसून होता.

असे शिबिर एकदा घेऊन भागत नाही. वर्षातून तीनदा तरी व्हावे, आणि ज्या दोन भावक्यांचे पटत नाही त्या दोन्हींतली पोरे-पोरी त्यात हवीत. खर्च म्हणजे एसटीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण. आपली मंडळे जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर जेवढे उडवतात त्याच्या दहाव्या हिश्शातही हे बसेल. हे लिहिले की काही मंडळी आमच्यावर रुसतात. रुसोत.

दिवाळीनंतर तिथली बरीच पोरे मजुरीला गुजरातेत जातात. तेव्हा पुढचे शिबिर त्याआधीच घ्यावे लागेल. मुली मुक्कामाला राहायच्या तर घरचे विचारतात, सोबत कोण? आपल्या महिला मंडळातील दोघी-तिघी भगिनींनी यावे. नावे दसऱ्याच्या आत कळवावीत. चढ बराच आहे, चप्पल धड असावी.