हप्ता फिटायच्या आधी हौदा सडतो, त्याचा भाव कोण लावणार?

आज पिकाचं काही नाही. आज पिकअपचं.

चर्चा सोशल मीडियावर चमकणाऱ्या दुहेरी केबिनच्या हौशी गाड्यांची नाही. कांद्याच्या गोण्या, टोमॅटोची कॅरेट, खताच्या बॅगा आणि गरज पडली तर म्हैससुद्धा वाहणाऱ्या सव्वा ते दोन टनांच्या कामाच्या गाडीची आहे. लासलगावला कांद्याच्या आणि पिंपळगाव बसवंतला टोमॅटोच्या रांगेत बघा, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या बरोबरीनं हीच गाडी उभी असते. शेतकऱ्याच्या घरात जमीन, विहीर आणि ट्रॅक्टरनंतरचा सगळ्यात मोठा खर्च आता हाच आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. या गाडीची किंमत टनावर सांगतात आणि हप्त्यावर गळ्यात मारतात. ती किती वर्षं टिकेल हा आकडा मात्र कुठंच लिहिलेला नसतो. जो आकडा लिहिलेला नाही, त्याचे पैसे आपण का मोजायचे?

आधी किंमत

22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. चांगलं झालं. कराआधी 8 लाखांची गाडी धरली तर कर 2 लाख 24 हजारांवरून 1 लाख 44 हजारांवर आला, म्हणजे 80 हजार वाचले. गाडी घेणाऱ्यानं जुनं आणि नवं दरपत्रक शेजारी ठेवून ते 80 हजार खरंच खाली आलेत का बघावं. ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, हँडलिंग अशा नावांनी तेच पैसे परत वर चढवता येतात.

पण उरलेल्या 1 लाख 44 हजारांचं काय? करपात्र माल विकणारा नोंदणीकृत कारखानदार हीच गाडी घेतो, तेव्हा त्याला हा कर इनपुट क्रेडिट म्हणून वळता करून घेता येतो. शेतकऱ्याचा कांदा-टोमॅटो करमुक्त, नोंदणी नाही, म्हणून क्रेडिटही नाही. एकाच शोरूममधून, एकाच दिवशी, एकाच रंगाची गाडी घेतली तरी आपली 1 लाख 44 हजारांनी महाग पडते. ट्रॅक्टरला 5 टक्के आणि त्याच शेतातला माल त्याच बाजार समितीत नेणाऱ्या पिकअपला 18 टक्के, हा हिशोब मला तरी कुणी पटवून दिलेला नाही.

आता हप्ता. शोरूममध्ये खुर्चीवर बसलं की पहिला प्रश्न येतो, "महिन्याला किती झेपेल?" गाडीची किंमत बाजूलाच राहते. 9 लाखांचं कर्ज, घटत्या शिलकीवर 10 टक्के व्याज, 5 वर्षं : हप्ता 19,100 च्या आसपास, एकूण व्याज सुमारे 2 लाख 47 हजार. तेच 7 वर्षांवर नेलं की हप्ता 15 हजारांच्या आत येतो आणि माणूस खूश होतो, पण व्याज 3 लाख 55 हजारांवर जातं. आणि फायनान्सवाला "10 टक्के फ्लॅट" म्हणाला तर सावध व्हा. फ्लॅट म्हणजे फेडलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज. 5 वर्षांच्या 10 टक्के फ्लॅटचा खरा दर 17 टक्क्यांच्या वर निघतो. हप्ता 22,500.

7 वर्षांचं कर्ज घेतलं तर गाडी निदान 7 वर्षं तरी धड राहायला नको का? इथूनच खरं दुखणं सुरू होतं.

आता पत्रा

माझ्या गाडीचा हौदा दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या फाळक्याच्या बिजागरीजवळ फुगला. रंग फुग्यासारखा वर आला, नखानं खरवडला तर आत तांबूस भुगा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. वॉरंटीच्या पुस्तकात गंज वगळलेला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "शेतीच्या गाडीला होतंच हो ते."

होतंच? मग शेतीची गाडी म्हणून विकता कशाला?

हौदा कुठं सडतो ते कुठल्याही पाच-सहा वर्षांच्या पिकअपखाली वाकून बघा. जागा ठरलेल्या आहेत : पत्रा दुमडून जोडलेली कड, स्पॉट वेल्डच्या दोन पत्र्यांमधली फट, तळपत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, फाळक्याच्या बिजागऱ्या. पाणी शिरायला जागा आहे आणि निघायला भोक नाही, तिथं गंज धरतोच. पेरूच्या फळाला डाग पडायच्या आधी माशी कुठं बसली ते आपण शोधतो. इथंही तेच आहे, गंज वरून दिसतो तेव्हा आतलं काम झालेलं असतं.

शिवाय आपण वाहतो काय? एमओपी, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यातला क्लोराइड लोखंडाचा वैरी. युरिया आणि अमोनियम सल्फेट हवेतली ओल ओढून घेतात आणि फाटक्या बॅगेतून सांडलेलं खत रात्रभर पत्र्यावर ओलं राहतं. द्राक्षवाल्यांचा मोरचूद सांडला तर उघड्या लोखंडावर तांब्याचा थर बसतो आणि त्याच्या शेजारचं लोखंड अजून जोरात खातं. हे कंपनीच्या इंजिनिअरला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

उपायही त्यांना माहीत आहे. गाडीचं केबिन रंगाच्या टाकीत बुडवून, वीजप्रवाह देऊन रंगवायची पद्धत जुनी आहे. तो थर फटी-कोपऱ्यांतही बसतो. जस्ताचा थर दिलेला पत्रा बाजारात मिळतो. सांध्यात सीलंट भरता येतं. मग हौद्याला यातलं काय केलंय? मी हातात घेतलेल्या ब्रोशरांमध्ये टचस्क्रीन किती इंचाची हे आहे, मोबाइलवर गाडी कुठं आहे ते दिसेल हे आहे. हौद्याचा पत्रा किती मिलिमीटर आणि त्यावर थर कसला, हे नाही.

वेल्डिंगवाल्याला विचारा, तो एका वाक्यात सांगतो : 16 गेज म्हणजे साधारण 1.6 मिमी, 18 गेज म्हणजे 1.2 मिमी. फरक 0.4 मिमीचा, पण गंजाला खायला एक चतुर्थांश पत्रा कमी.

नवी गाडी थेट फॅब्रिकेटरकडं

आपल्याकडची रीत बघा. गाडीला हार घातला, नारळ फोडला की दुसऱ्या दिवशी ती फॅब्रिकेटरच्या दारात. तळाला जाड चेकर्ड पत्रा, बाजूला अँगलची जाळी, मागं-पुढं गार्ड, कमानपाट्यात एक पाटा जास्तीचा. दहा लाखांची कोरी गाडी घेऊन तिला "मजबूत" करायला परत पैसे घालावे लागतात, याचा अर्थ पहिल्या पैशात मजबुती मिळालीच नाही.

आणि हा खर्च नुसता पैशाचा नाही. गाडीचं एकूण कमाल वजन आरसीवर ठरलेलं असतं. जाळी, पत्रा, गार्ड मिळून दीडशे किलो वाढलं तर तेवढा माल कायद्यानं कमी भरायचा. दीडशे किलो म्हणजे कांद्याच्या 50 किलोच्या 3 गोण्या, प्रत्येक खेपेला. 1,700 किलोची गाडी म्हणून जादा पैसे मोजले आणि हातात आली 1,550 ची. त्या तीन गोण्या भरल्याच तर ओव्हरलोड. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात त्याचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

त्यांची उत्तरं

पहिलं उत्तर : "तुम्ही लोक ओव्हरलोड भरता." भरतात, खोटं कशाला बोलायचं? ते चूकच आहे. त्यानं पाटे बसतात, चॅसिसला तडा जातो, ब्रेक लागत नाहीत आणि रस्त्यावर दुसऱ्याचा जीव जातो. तिथं वॉरंटी नाकारली तर माझी तक्रार नाही. पण दाराची खालची कड ओव्हरलोडनं गंजते का? फाळक्याच्या बिजागरीत पाणी साचतं ते जास्त वजनामुळं का? ओव्हरलोडच्या नावाखाली खराब रंगकाम लपवू नका.

दुसरं उत्तर : "बीएस-6 मुळं खर्च वाढला." हेही अर्धं खरं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, डिझेलमधला गंधक 50 पीपीएमवरून 10 वर आला, धुराड्यात फिल्टर आणि सेन्सर आले. हवा स्वच्छ होते, त्याला माझा विरोध नाही. आपल्याच पोरांची फुफ्फुसं आहेत. पण तो खर्च इंजिन आणि धुराड्याचा. त्यासाठी हौद्याच्या सांध्यातलं सीलंट कापायला कुणी सांगितलं?

आणि तो फिल्टर विकताना तरी नीट समजावून सांगा. काजळी धरणारा डीपीएफ स्वतःची काजळी जाळून साफ होतो, त्याला 550 ते 600 अंशांच्या आसपास तापमान लागतं. ते हायवेवर सलग चालवताना मिळतं. शेत ते गाव, गाव ते शेत अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत मिळत नाही. मग दिवा लागतो, गाडी ओढत नाही आणि ऐन तोडणीच्या दिवसांत ती सर्व्हिस सेंटरला उभी. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग दमात चालवा, हे डिलिव्हरीच्या दिवशी सांगायला किती वेळ लागतो? ज्यांच्या गाडीला डीईएफ लागतं त्यांनी अजून एक ऐका : त्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया असतो, म्हणून कुणी खताच्या बॅगेतला युरिया पाण्यात ढवळून टाकू नये. आपला युरिया नीमकोटेड आहे, सगळी सिस्टीम चोंदेल.

तिसरं उत्तर : "एवढी हमी दिली तर गाडी परवडणार नाही." अमेरिकेत फोर्डच्या मोठ्या पिकअपला पत्रा गंजून आरपार भोक पडलं तर 5 वर्षं, मैलांची मर्यादा नाही, अशी लेखी हमी असते. तिथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे गंजाला आपल्यापेक्षा जास्त खुराक. ती गाडी आपल्यापेक्षा कितीतरी महाग, हे कबूल. मला तशी गाडी नको. मला फक्त दाखवायचंय की गंजाची हमी कागदावर लिहिता येते. आपल्याला 5 नको, हप्ते चालू आहेत तेवढी वर्षं तरी लिहून द्या.

मग करायचं काय

गाडी घ्यायला जाल तेव्हा पुढच्या गोष्टी करा. तोंडी उत्तर धरू नका, कोटेशनवर किंवा मेलवर लिहून मागा.

1. हौद्याचा तळपत्रा आणि बाजूचा पत्रा किती मिमी? जस्ताचा थर आहे का? हौदा बुडवून रंगवलाय की नुसता फवारलाय?
2. गंज वॉरंटीत आहे का? नसेल तर "गंज वगळला आहे" असं तोंडावर सांगायला लावा.
3. एक्स-शोरूम, आरटीओ कर, विमा, बाकी, अशा वेगळ्या ओळी मागा. विमा कुठल्याही कंपनीचा घ्यायचा हक्क तुमचा आहे. ज्या रकमेची पावती नाही ती द्यायची नाही.
4. व्याज फ्लॅट की घटत्या शिलकीवर? एकूण परतफेड किती, तो एकच आकडा मोठ्या अक्षरात लिहून घ्या.
5. डिलिव्हरीआधी गाडीखाली वाका. सांध्यात सीलंट, पाणी निघायची भोकं, वेल्डवर उघडं लोखंड, सगळं मोबाइलच्या उजेडात बघा आणि फोटो काढून ठेवा.

घेतल्यावर आपलंही काम आहे. खत वाहिलं की त्याच दिवशी हौदा धुवा, खालूनही. फाळका उघडा ठेवून वाळवा. खरचटलेल्या जागी लगेच प्रायमर लावा. मालवाहू गाडीचं पासिंग पहिली 8 वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असतं. सडलेला हौदा आणि खाल्लेली चॅसिस घेऊन तिथं उभं राहायची वेळ आली की खर्च आपल्याच खिशातून जातो.

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते. खताच्या बॅगेवर नत्र-स्फुरद-पालाश छापलेलं असतं. औषधाच्या बाटलीवर मुदत असते. शे-दोनशे रुपयांच्या पिशवीवर जे आपण वाचून घेतो, ते दहा लाखांच्या गाडीवर का मागत नाही?

आता तुमची पाळी. ज्यांच्याकडं पिकअप आहे त्यांनी खाली तीनच गोष्टी लिहा : गाडी कुठल्या वर्षाची, पहिला गंज कितव्या वर्षी, आणि कुठल्या जागी. कंपनीचं नाव लिहू नका, भांडणं नकोत. दोनशे गाड्यांचा हिशोब जमला की त्याचा तक्ता करून मी प्रत्येक कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवतो. आलेलं उत्तर इथंच टाकेन. आलं नाही तर तेही टाकेन.