फुकट्या फोनला मोकळीक नको
टॉवर नसताना मोबाइल एकमेकांचे संदेश पुढे पाठवून जाळे उभारू शकतात. पण दुसऱ्याच्या संदेशासाठी आपली बॅटरी जळते, म्हणून अंग चोरणे फायद्याचे ठरते. २००० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शेजारच्या फोनवर पाळत ठेवून कामचुकारांना टाळणारे मार्ग सुचवले. संदेश जास्त पोचले खरे, पण कामचुकाराचे ओझे उतरले आणि त्याचे संदेश मात्र इतर वाहतच राहिले. ही शिक्षा की बक्षीस? त्याचेही संदेश अडवायलाच हवेत. रेडिओ लहरींच्या टकरीत निर्दोष फोनही दोषी दिसतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पहिल्याच चुकीला बहिष्कार नको, आणि वागणूक सुधारताच दार उघडावे. इतरांचे संदेश वाहून आभासी नाणी कमवायची, ही लोझानच्या संशोधकांनी मांडलेली कल्पना आकर्षक आहे, पण जाळ्याच्या कडेवरच्या फोनला कमाईची संधीच कमी मिळते.