ल्यों शहराचीं तळीं : रसिकता कीं कारभार ?

युरोपचा प्रवास करून आलेल्या आपल्या मंडळींच्या लेखनांत एक विचार हटकून आढळतो. शहराबाहेरील एखादें विस्तीर्ण तळें, त्याच्या कांठीं विसावलेलीं कुटुंबें, झाडांच्या सावलींत बागडणारीं मुलें, यांचें वर्णन झालें कीं लेखक एक सुस्कारा टाकतो आणि फ्रेंच लोक जात्याच रसिक, असा निर्वाळा देऊन पुढच्या गांवाला निघतो. आमच्या मतें हा निर्वाळा नुसता अपुरा नाहीं, तो घातक आहे. जें एखाद्या समाजाच्या रक्तांतच आहे तें इतरांनीं शिकण्याचा प्रश्न उरत नाहीं. आणि ज्यांच्यापाशीं तें आहे त्यांनाहि तें मिळविण्यासाठीं कांहीं खटपट करावी लागली असेल, अशी शंका कोणाला येत नाहीं. म्हणून ल्यों या एकाच शहराचा दाखला घेऊन या रसिकतावादाची परीक्षा करण्याचें योजिलें आहे.

ल्यों हें रोन आणि सोन या नद्यांच्या संगमावर वसलेलें, रेशमी कापडाच्या धंद्यावर वाढलेलें शहर. १८३१ व १८३४ या सालीं तेथील विणकरांनीं बंडें केलीं आणि तीं सैन्याच्या बळावर मोडण्यांत आलीं. पुढें १८५६ सालीं रोन नदीला मोठा पूर येऊन तिच्या डाव्या तीरावरील वस्तीची वाताहत झाली. त्या वेळीं, तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानींत, व्हाइस नांवाचा प्रीफेक्ट शहराचा कारभार पाहत होता. त्यानें दाट वस्तीच्या जुन्या पेठांतून रुंद रस्ता काढला, आणि नदीकांठची सखल जमीन तेथील धर्मादाय रुग्णालयांच्या संस्थेकडून शहरासाठीं घेवविली. ब्यूलर बंधूंनीं आराखडा केला, नदीच्या एका जुन्या फांट्याच्या जागीं तळें तयार झालें, आणि १८५७ सालीं 'तेत दोर', म्हणजे सुवर्णमस्तक, या नांवाचें उद्यान लोकांस खुलें करण्यांत आलें. त्याचें क्षेत्र ११७ हेक्टर, म्हणजे सुमारें २९० एकर. तेथें आजहि प्रवेशाला पैसे पडत नाहींत.

आतां या हकीकतींत रसिकता कोठें आली ? पूर येऊन गेला होता, वस्ती कोंदट होती, मजूर असंतुष्ट होता आणि राजसत्ता त्याच्याविषयीं सावध होती. व्हाइस लोकांनीं निवडलेला नव्हता. तो बादशहाचा नोकर होता. रुंद रस्त्यावरून हवा खेळते तशी फौजहि चालते, हें त्या काळच्या कारभाऱ्यांना ठाऊक नव्हतें असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. तात्पर्य, ज्या बागेवरून आपला प्रवासी फ्रेंच हृदयाची स्तुति करतो, ती हृदयांतून नव्हे, दफ्तरांतून निघाली. यांत तिला कांहीं कमीपणा नाहीं. हृदय आज उमलतें, उद्यां मिटतें. दफ्तरांत झालेली खरेदी दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली आहे.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. शहराच्या ईशान्येस मिरिबेल-झोनाज नांवाचें सुमारें २,२०० हेक्टरांचें, म्हणजे जवळजवळ ५,४०० एकरांचें, उद्यान आहे. तेथील सर्वांत मोठ्या तळ्याला 'निळ्या पाण्याचें तळें' म्हणतात. नांव ऐकून वाटावें कीं सृष्टीनेंच हें घडविलें असावें. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नौकानयनासाठीं मिरिबेलचा कालवा खणला गेला. शतकाच्या अखेरीस विजेसाठीं झोनाजचा कालवा खणून त्याच्या पाण्यावर क्यूसे येथें वीजघर सुरू झालें. या दोन कालव्यांमध्यें सांपडलेली ही भूमि. ती पुराच्या वाटेवर, म्हणून घरें बांधण्यास धोक्याची. पण तिच्या पोटांत नदीनें युगानुयुगें आणून टाकलेली वाळू व खडी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शहर झपाट्यानें वाढूं लागलें, तेव्हां काँक्रीटसाठीं ही खडी उपसण्यांत आली. खड्डे भूजलानें भरले. तेंच हें निळें पाणी !

खाण संपली कीं ठेकेदार जातो आणि खड्डा राहतो, हा जगाचा शिरस्ता आहे. येथें तसें झालें नाहीं, याचें कारण १९६८ सालीं आसपासच्या स्थानिक संस्थांनीं एकत्र येऊन या भूमीसाठीं एक संयुक्त मंडळ स्थापन केलें. खडीचा उपसा हा भावी उद्यानाच्या आराखड्याला जोडला गेला. आज या भूमीवर मुख्यतः तीन कामें सोंपविलेलीं आहेत : रोनच्या पुराला पसरावयास जागा देणें, शहराच्या पिण्याच्या पाण्याचा राखीव सांठा सांभाळणें, आणि नागरिकांना पोहण्यास, हिंडण्यास व होड्या वल्हविण्यास स्थान देणें. हीं कामें परस्परांस अडवितात, अशी तक्रार ऐकूं येते. आमचें म्हणणें असें कीं तीं परस्परांस राखतात. ज्या तळ्याचें पाणी उद्यां नळाला येऊं शकतें, त्याच्या कांठीं वाटेल तो धंदा मांडतां येत नाहीं. जेथें पूर पसरावयाचा तेथें इमारतींची रांग उठवितां येत नाहीं. नुसती करमणुकीची जागा असती, तर ती एखाद्या लिलावांत केव्हांच गेली असती.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला सौंदर्यवाद्यांचा : खणून केलेलें तळें ही सृष्टीची नक्कल होय. त्यांना आमचा प्रश्न असा, कीं दोन कालव्यांनीं नदी बांधून टाकल्यावर मूळची सृष्टि उरली होती कोठें ? माणसानें एकदां जमिनीला हात घातला, कीं पुढची जबाबदारीहि त्याचीच. खड्डा तसाच टाकणें हा सृष्टीचा आदर नव्हे, आळस आहे.

दुसरा आक्षेप अर्थवाद्यांचा : आधीं घरें, मग बागा. हा आक्षेप वजनदार आहे, पण तो चुकीच्या जागीं ठेवलेला आहे. पुराच्या पात्रांत गरिबाला घर देणें म्हणजे त्याला घर देणें नव्हे. शिवाय या उद्यानाला लागूनच व्हो-आं-व्हलें ही कष्टकऱ्यांची वस्ती आहे. १९९० च्या ऑक्टोबरांत तेथें मोठा उद्रेक झाला. तळ्यानें तो थांबविला नाहीं, आणि तळ्यानें न्यायाची भरपाई होते असें आम्हीहि म्हणत नाहीं. परंतु ऑगस्टच्या उन्हांत ज्याच्यापाशीं पैसा आहे तो आल्प्सला किंवा समुद्राला जातो; उंच इमारतीच्या सातव्या मजल्यावर राहिलेल्या कुटुंबानें कोठें जावें ? १९३६ सालीं लेऑं ब्लूम यांच्या सरकारानें फ्रान्समधील कामगाराला दोन आठवड्यांची पगारी रजा व चाळीस तासांचा आठवडा मिळवून दिला. वेळ हा अर्धा हक्क झाला. बसावयास सावली आणि उतरावयास पाणी नसेल, तर उरलेला अर्धा कागदावरच राहतो.

तिसरा आक्षेप व्यवहारवाद्यांचा : जें फुकट तें मातीमोल, म्हणून दाराशीं तिकीट असावें. पण हें फुकट आहे असें सांगितलें कोणीं ? जमीन विकत घ्यावी लागली, झाडें लावावीं लागलीं, पोहण्याच्या कांठांवर उन्हाळ्यांत रक्षक ठेवावे लागतात. कारण खाणीच्या तळ्याचा तळ पायाखालून एकाएकीं नाहींसा होतो. हा सगळा खर्च नागरिकांनीं सार्वजनिक तिजोरींतून भरलेलाच आहे. दाराशीं पुन्हां पैसे मागणें म्हणजे एकदां दिलेल्याला दुसऱ्यांदा द्यावयास लावणें, आणि ज्याला तें परवडत नाहीं त्याला त्याच्याच मालकीच्या जागेबाहेर उभें करणें.

म्हणून आमच्या प्रवासी बंधुभगिनींना एवढीच विनंती, कीं अशा तळ्याच्या कांठीं पोंचल्यावर सुस्कारा जरा आवरावा आणि चार प्रश्न विचारावे : ही जमीन कोणाची, ती केव्हां व कोणाकडून घेतली, तिचा खर्च कोण सोसतो, आणि येथें कोणाला काय करण्याची मनाई आहे ? या प्रश्नांचीं उत्तरें प्रवासवर्णनाला रुक्ष करतील खरीं. पण तीं घरीं घेऊन येतां येतात. परक्याची रसिकता तेवढी येतां येत नाहीं.