एकत्र पंगतीची भाषा

घरात एकत्र जेवण्याने पोट भरते, तशीच भाषाही टिकते. कुंभकोणमच्या आसपास, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, भोसल्यांचे तंजावर राज्य १६७५ च्या सुमारास व्यंकोजींनी उभे केले आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले. राजाश्रय गेला, शाळा-बाजाराची भाषा तमिळ झाली. तरी या भागात स्थायिक झालेल्या देशस्थ घरांतून तंजावरी मराठी बोलली जात राहिली. तिला पाठ्यपुस्तकाचा आधार नव्हता. होते ते स्वयंपाकघर आणि पान.

डांगराचेच पाहा. उडदाचे भाजलेले पीठ ताकात वा दह्यात कालवायचे, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. महाराष्ट्रातल्या घरांतून मागे पडत चाललेला हा पदार्थ तिकडे ‘डांगर पच्चडी’ म्हणून केळीच्या पानावर भाताशेजारी बसतो. पीठ किती सैल, हिंग किती, हे मुलांना कळते ते वाढणाऱ्या आजीकडून, आणि तेही मराठीत. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांच्या काळचे पाकशास्त्रही मराठीत लिहिलेले आहे. पण हाताचा अंदाज पोथीतून येत नाही.

आज नोकरीच्या वेळा वेगळ्या, ताटे वेगळी आणि मोबाइल ताटालगत. म्हणून भाषा टिकवायची तर रोजचा हट्ट न धरता आठवड्यातले एखादे रात्रीचे जेवण तरी सगळ्यांनी मिळून घ्यावे, वाढणे आळीपाळीने करावे. बायकांनी मागाहून जेवण्याची जुनी रीत मात्र परत आणू नये.