मालक कुठं आहेत?

त्या दिवशी गटाच्या बैठकीला आमची एक मैत्रीण उशिरा आली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ती कारखान्यांना जेवणाचे डबे पुरवते. पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, भाजी-आमटी करायची, डबे भरायचे आणि लक्ष्मी टेकडीवरून आपली जुनी डिझेल गाडी घालून पहिल्या पाळीच्या सुट्टीआधी गेटवर पोचायचे. गाडी बंद पडली तर तिचा धंदाच बंद.

बैठकीला येताना तिच्या हातात एक लखोटा होता. त्यावर तिच्या नवऱ्याचे नाव. नवऱ्याला जाऊन दीड वर्ष झाले. पत्र गाडी बनवणाऱ्या कंपनीचे होते. अमुक वर्षांत विकलेल्या गाड्यांच्या इंधनपंपात दोष आढळला आहे, तो आम्ही फुकट बदलून देऊ, आणि ज्यांनी आधीच पदरमोड करून दुरुस्ती केली असेल त्यांनी बिल आणून पैसे परत न्यावेत, असा मजकूर. तिने गेल्याच पावसाळ्यात भिशी उचलून पंप बदलला होता. बिलही जपून ठेवले होते. ती आनंदाने शोरूमला गेली. काउंटरवरच्या पोराने कागद उलटेपालटे केले आणि विचारले, "मालक कुठं आहेत?"

"मालक वारले."

"तसं न्हवं वहिनी, गाडीचे मालक?"

"मीच की! हप्ते मी फेडल्यात, चालवती मी, बिल माझ्या पैशानं भरलंय."

"बुकात तुमचं नाव नाही. पैसे बुकातल्या मालकाच्याच खात्यावर जमा होतात."

"आता मेलेल्या माणसाचं खातं मी कुठनं उघडू, सांगा!" हे आम्हाला सांगताना ती हसत होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी होते. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका कंपनीचा आडमुठेपणा असता तर हा लेख लिहायचे कारणच नव्हते.

बैठकीत एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "आपल्याकडे मारहाणीच्या, पोटगीच्या केसेस तुंबल्यात. गाडीवाल्यांची गाऱ्हाणी कुठे घेत बसायची?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या तेल, साखर, धान्यासाठी. तेव्हाही काहींना वाटलेच होते की हा कसला स्त्रियांचा लढा, हे तर वाण्याशी भांडण. पण घासाघासाचा हिशेब जिच्या डोक्यावर असतो, तिच्यासाठी बाजारातली फसवणूक हाही अन्यायच असतो. आज तो हिशेब गॅस, मोबाईल आणि गाडीच्या हप्त्यांपर्यंत आला आहे. बाजार बदलला. त्यात बाईचे नाव मात्र अजून लागलेले नाही.

आपल्या भाषेत नवऱ्याला 'मालक' म्हणतात. आपण ते इतक्या सहज बोलतो की त्यातला अर्थ कानाला टोचत नाही. शोरूममधल्या पोराने काही वाकडे विचारले नाही, त्याला जे शब्द शिकवले तेच त्याने वापरले. गाडीला मालक, घराला मालक, शेताला मालक आणि बाईलाही मालक. सगळीकडे एकच माणूस. तो गेला की हे सारे बिनमालकाचे होते आणि बाई कागद घेऊन या दारातून त्या दारात फिरत राहते. पुढे दिरांच्या सह्या आणा म्हणतील, वारसाचा दाखला आणा म्हणतील. पैसे फेडताना मात्र तिला कोणी दाखला मागितला नव्हता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण इथे आपली फसवणूक अज्ञानातून होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक म्हणजे केवळ पैसे देणारा नव्हे. त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच. (पाहा, इथेही बाई आत येते ती मालकाच्या संमतीने! पण निदान येते तरी.) ग्राहक मरण पावला तर त्याचा कायदेशीर वारस तक्रार करू शकतो, हेही त्याच कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. "तुम्ही गाडी धंद्याला वापरता, तेव्हा तुम्ही ग्राहक नाही," असे कोणी म्हणाले तर त्यालाही उत्तर आहे. स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी वापर' ठरत नाही. तक्रार करायला मुंबई-दिल्लीला जायला नको. आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या, जिल्हा ग्राहक आयोगात ती करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. म्हणजे आमच्या मैत्रिणीला काउंटरवरून परत पाठवले ते कायद्याने नव्हे, काउंटरच्या सवयीने.

पण एकटी बाई किती दारे ठोठावणार? एकाच दोषाच्या हजारो गाड्या असतील तर हजारोंनी मिळून एकच दावा का करू नये? त्याचीही सोय कायद्यात आहे. कलम ३५ प्रमाणे, सर्वांचे हित समान असेल तर एक किंवा अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतात. कागदावर हे छान दिसते. प्रत्यक्षात ही परवानगी मिळणे सोपे नाही. बंगळूरच्या एका गृहप्रकल्पातील ९१ जणांनी १,१३४ घरांच्या खरेदीदारांच्या वतीने तक्रार केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले की सर्वांचे हित समान असल्याचे तुम्ही नीट मांडलेले नाही, तुमची तक्रार तुमच्यापुरतीच धरू. शिवाय दोन वर्षांची मुदत आहेच. आयोगाला उशीर माफ करता येतो, पण त्यासाठीही कारणे द्या, कागद द्या.

याचा परिणाम काय होतो ते फोक्सवॅगनच्या प्रकरणात जगाने पाहिले. या कंपनीचा कारखाना आपल्याच राज्यात, पुण्याजवळ चाकणला आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले की तिच्या डिझेल गाड्यांत अशी संगणक-प्रणाली बसवली होती, जी तपासणीच्या वेळी धूर कमी दाखवी आणि रस्त्यावर मोकाट सोडी. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. अमेरिकेत मालकांच्या सामुदायिक दाव्यात २०१६ साली सुमारे १,४७० कोटी डॉलरची तडजोड झाली. सुमारे पावणेपाच लाख गाड्यांसाठी गाडी परत देण्याची सोय झाली आणि वर ५,१०० ते १०,००० डॉलर भरपाई. घोटाळा उघड झाल्यावर गाडी विकून टाकलेल्यांनाही वाटा मिळाला. इंग्लंडमध्ये ९१ हजार मालकांना २०२२ साली १९ कोटी ३० लाख पौंडांची तडजोड मिळाली.

आणि भारतात? डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. आपण इथला कायदा मोडलेला नाही, असे तिचे म्हणणे राहिले. राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागणाऱ्यांत एक शाळा-शिक्षिका होती, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध सक्तीची कारवाई करू नये असा आदेश दिला. पण समजा, तो दंड त्याच दिवशी भरला असता, तरी तो जाणार होता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. गाडी घेणाऱ्याला त्यातला एक रुपयाही नाही आणि धूर गिळणाऱ्यालाही नाही. अमेरिकेतला मालक अर्ज कसा भरावा म्हणून हैराण होता. आपल्याकडे भरायला अर्जच नव्हता!

हीच गोष्ट २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीची. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते, कंपनीने किंमत परत करावी किंवा गाडी बदलून द्यावी असेही त्यात आहे. चांगले आहे. पण आदेश काढायचा की नाही हे सरकारच्या हातात, आणि आदेश निघाला तरी पत्र जाणार बुकातल्या मालकाला.

सामुदायिक भरपाईत बाईचे काय होते, हे आपण भोपाळमध्ये पाहिले आहे. १९८४ च्या वायुकांडानंतर सरकारने सर्व पीडितांच्या वतीने दावा केला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांच्यासाठी ती झाली त्यांना विचारले नव्हते. बहुसंख्य जखमींच्या हाती सुरुवातीला पडले २५ हजार रुपये, तेही कागद घेऊन वर्षानुवर्षे रांगा लावल्यावर. रस्त्यावर झगडत राहिल्या त्या बायकाच. मोटारीचा दोष आणि भोपाळचे मरण यांची तुलना मी करत नाही. मी एवढेच म्हणते की भरपाई ठरते वरच्या खोलीत, वाटली जाते काउंटरवर, आणि काउंटरवर नाव विचारतात.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. दोषाची भरपाई ज्याने खर्च केला त्याला, बिल पाहून द्या. मालक हयात नसेल तर तिच्या वारसपणाचा साधा दाखला पुरे समजा, दिरांच्या सह्या मागू नका. कंपन्यांकडून वसूल होणाऱ्या दंडाचा ठरावीक हिस्सा ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि सामुदायिक तक्रारीची परवानगी ही मेहेरबानी नव्हे, हक्क समजा.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावे जमिनी करायला लावल्या, तशी आता गाडीमुक्ती करायला हवी! नवी गाडी घेताना हप्ता जिच्या पगारातून जाणार तिच्या नावाने घ्या. जुन्या गाडीच्या नोंदणीत २०२१ पासून नामनिर्देशन करता येते, ते करून घ्या. मालक वारले असतील तर तीस दिवसांत आरटीओला कळवा आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावे करा. दुःखात हे सुचत नाही, म्हणून शेजारणीने सुचवावे. बिले जपा. आणि एकाच दोषाच्या गाडीवाल्या दहाजणी भेटल्या तर दहाजणींनी एकत्र तक्रार करा. सगळ्या देशाच्या वतीने करायला परवानगी लागते, पण दहाजणींनी स्वतःसाठी एकत्र यायला बंगळूरच्या त्याच निकालाने आडकाठी केलेली नाही.

आमच्या मैत्रिणीचा अर्ज आम्ही बैठकीतच लिहिला. सहीच्या ओळीखाली छापील शब्द होता 'मालक'. तिने पेन उचलले, क्षणभर थांबली आणि त्या शब्दापुढे आपले पूर्ण नाव लिहिले. पुढच्या आठवड्यात तो घेऊन ती पुन्हा शोरूमला जाणार आहे. या वेळी आम्ही पाचजणी बरोबर जाऊ. कोणी विचारलेच, "मालक कुठं आहेत?" तर उत्तर एकच द्यायचे ठरले आहे: "ह्या काय, तुमच्या समोर उभ्या आहेत."