घड्याळाची किंमत तबकडीवर

जुन्या मनगटी घड्याळाची किंमत मुख्यतः ठरते ती त्याच्या तबकडीवरून. आजोबांच्या कपाटात एखादे घड्याळ सापडले, की घरच्यांची नजर आधी त्याच्या सोनेरी रंगाकडे आणि ‘१७ ज्वेल्स’ या अक्षरांकडे जाते. या दोन्हींचा किमतीशी फारसा संबंध नाही. घरोघरी दिसणाऱ्या बहुतेक सोनेरी घड्याळांवर मायक्रॉनमध्ये मोजावा इतकाच सोन्याचा थर असतो. ज्वेल्स म्हणजे चाकांचे आस फिरताना झिजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांशी बसवलेले कृत्रिम माणकाचे खडे. अशी माणके तयार करण्याची रीत ऑग्युस्त व्हर्नुइल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केली आणि त्यानंतर घड्याळातले हे खडे अगदी स्वस्त झाले.

सोने असले म्हणजे किंमत जास्त, हेही खरे नाही. पाटेक फिलिप कंपनीने १९४१ पासून ‘१५१८’ या क्रमांकाचे घड्याळ काढले. लीप वर्षाचा हिशेब ठेवणारे कॅलेंडर आणि स्टॉपवॉच अशा दोन्ही सोयी त्यात होत्या. एकूण २८१ घड्याळे झाली, त्यातली बहुतेक सोन्याची. पोलादी घड्याळे चारच ठाऊक आहेत. त्यांपैकी एक नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकच्या वर गेले. सोन्याच्या १५१८ ला इतकी किंमत कधी आली नव्हती.

तबकडीचा प्रभाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो रोलेक्सच्या ‘डेटोना’ घड्याळांत. १९६३ मध्ये आलेले हे घड्याळ मोटार शर्यतींसाठी होते. त्याच्या नेहमीच्या तबकडीसोबत कंपनीने आणखी एक तबकडी दिली होती. तिच्यातल्या छोट्या वर्तुळांत रेघांच्या टोकांना चौकोनी ठिपके होते आणि आकड्यांचे वळण वेगळे होते. गिऱ्हाइकांना ती आवडली नाही. दुकानांत तिला उठाव नव्हता, म्हणून अशी घड्याळे कमी खपली आणि त्यामुळेच आज ती दुर्मीळ आहेत. आतले मशीन साध्या तबकडीच्या घड्याळात होते तेच. अभिनेता पॉल न्यूमन याच्या मनगटावर हे घड्याळ दिसे, म्हणून संग्राहकांनी त्या तबकडीला त्याचेच नाव दिले. न्यूमनचे स्वतःचे घड्याळ त्याची पत्नी जोअॅन वुडवर्ड हिने भेट दिलेले होते. सांभाळून गाडी चालव, असा तिचा निरोप पाठीवर कोरलेला होता. १९८४ मध्ये न्यूमनने ते आपल्या मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकले. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या संस्थेच्या लिलावात त्याला १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर मिळाले. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे ११५ कोटी रुपये होते. नवे असताना अशा घड्याळाची किंमत दोनशे डॉलरच्या आसपास होती.

प्रसिद्ध मालक नसला तरी चालते, हे दुसऱ्या एका डेटोनाने दाखवले. अमेरिकी हवाई दलातल्या एका जवानाने थायलंडमध्ये नेमणुकीवर असताना १९७४ मध्ये ते ३४५ डॉलर ९७ सेंटला विकत घेतले. ही रक्कम त्याच्या जवळपास महिन्याच्या पगाराएवढी होती. पाण्यात बुडी मारताना वापरण्यासाठी घेतलेले हे घड्याळ त्याला इतके देखणे वाटले, की त्याने ते कधी घातलेच नाही. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून दिले. पावती, हमीपत्र, माहितीपुस्तिका, डबी, सगळे जपले. २०२० मध्ये प्रसारित झालेल्या ‘अँटिक्स रोडशो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तज्ज्ञाने त्याची किंमत पाच ते सात लाख डॉलर सांगितली. या आकड्यात घड्याळ न वापरल्याचा वाटा मोठा आहे, आणि त्या कागदांचाही. पावती हरवली की घड्याळाचा अर्धा इतिहास गेला, असे खुशाल समजावे.

तबकडीतला दोषही कधी किंमत वाढवतो. पन्नास-साठच्या दशकांतल्या काही काळ्या तबकड्यांचा रंग उन्हाने आणि काळाने उडून तपकिरी झाला. त्या वेळी हा कारखान्याचा दोष मानला गेला असता. आता संग्राहक अशा तबकड्यांना ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी जादा पैसे मोजतात. जिथे पैसा येतो तिथे लबाडीही पोहोचते. नोव्हेंबर २०२१ मध्ये १९५७ सालचे म्हणून विकले गेलेले, अशाच तपकिरी तबकडीचे एक ओमेगा ‘स्पीडमास्टर’ ३१ लाख स्विस फ्रँकच्या पुढे गेले. ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेले होते, हे २०२३ मध्ये उघड झाले.

मुंबईचा या विषयाशी जुना संबंध आहे. फाव्हर-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत होती, तर वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून. तिचे ‘सोवार’ घड्याळ सैनिकांत लोकप्रिय होते. हिंदुस्थान मशीन टूल्सने (एचएमटी) १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. रोज चावी द्यावी लागणारे ‘जनता’ आणि काळ्या तबकडीचे ‘पायलट’ तिथलेच. एचएमटीची घड्याळनिर्मिती बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला आणि संग्राहकांचे लक्ष पुन्हा या घड्याळांकडे वळले. ती कोट्यवधींच्या संख्येने बनली असल्याने त्यांतून कोणी श्रीमंत होणार नाही. पण मूळ तबकडीचे, मूळ काट्यांचे ‘जनता’ आणि नव्याने रंगवलेले ‘जनता’ यांच्या किमतींत मोठे अंतर पडते.

ही नव्याने रंगवलेली घड्याळे जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ या नावाने ओळखली जातात. शहराच्या वाट्याला आलेले हे नाव गौरवाचे नाही. जुने घड्याळ घेऊन तबकडीचा पितळी पत्रा खरवडायचा, त्यावर भडक निळा, लाल किंवा केशरी रंग द्यायचा, कंपनीचे नाव पुन्हा छापायचे आणि चकाकते घड्याळ परदेशी गिऱ्हाइकाला विकायचे, असा हा धंदा. अशी तबकडी ओळखता येते. अक्षरांच्या कडा पसरट असतात, मिनिटांच्या रेघा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि स्विस घड्याळावर सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत असणारे ‘स्विस मेड’ कित्येकदा गायब असते. रंगवणाऱ्याने केलेले नुकसान भरून निघत नाही, कारण मूळ रंग पुन्हा मिळत नाही. घरच्या माणसांनी हौसेने करून घेतलेले ‘नवे डायल’ही हेच करते.

पाठीचे झाकणही महत्त्वाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बारा स्विस कंपन्यांनी ब्रिटिश सैन्याला दिलेल्या घड्याळांच्या पाठीवर तीन ‘डब्ल्यू’ आणि बाणाची खूण कोरलेली असते. पॉलिश करताना ती पुसट झाली तर घड्याळाची ओळखच जाते. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, कडांचा धारदारपणाही पॉलिशने कायमचा गोल होतो.

एक सावधगिरी जिवासाठी. १९६० च्या आधीच्या, अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर बहुधा रेडियमचा लेप असे. आज तो चमकत नसला तरी किरणोत्सार चालूच असतो, कारण रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. बंद घड्याळ जपून ठेवायला हरकत नाही, पण काच काढून तो लेप घरी खरवडू नये.

जुने घड्याळ चालते करून घ्यावे. वाळलेले तेल काढून नवे घालणे ही दुरुस्ती किंमत घटवत नाही. पट्टा बदलावा, फुटलेली काच बदलावी. तबकडी, काटे आणि केस यांना हात लावायचा नाही, हे घड्याळजीला आधीच सांगावे. त्याने काढलेला प्रत्येक जुना भाग छोट्या पाकिटात घालून परत मागून घ्यावा आणि घड्याळाच्या कागदांसोबत ठेवावा.